पाठीवरच्या चामडी भात्याचा आवाज आणि मराठवाड्याची कातडीविद्या

पारंपरिक तिरंदाजी म्हणजे नेम धरण्याची काच, कप्प्या किंवा तोल सांभाळणाऱ्या दांड्या न वापरता साध्या लाकडी अथवा बांबूच्या धनुष्याने केलेली तिरंदाजी. या प्रकारात बाण ठेवण्यासाठी चामड्याचा, पाठीवर तिरका बांधायचा भाता आजही अनेक तिरंदाजांना हवासा वाटतो. असा नवा भाता वापरात आला, की त्याच्याविषयी दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. तो नळकांड्यासारखा ताठ राहतो, पाठीच्या आकाराला जुळवून घेत नाही, ही पहिली तक्रार. आणि चालताना, वाकताना त्यातील बाण सारखे खडखडतात, ही दुसरी. या दोन तक्रारींवर सहसा दोन स्वतंत्र इलाज केले जातात, म्हणजे ताठपणासाठी तेल आणि आवाजासाठी कापडाचे बोळे. परंतु थोडा विचार केला असता दोन्हींचे मूळ एकच असल्याचे दिसते. ताठ भिंतीच्या आत बाणांना हलायला मोकळी जागा उरते म्हणून ते वाजतात, आणि भाता मऊ होऊन बाणांना बिलगला, की बहुतेक आवाज आपोआप थांबतो.

भात्याचा आवाज ही काही आजची अडचण नव्हे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तरावे सूक्त युद्धसाहित्याला उद्देशून आहे. त्यात चिलखत, धनुष्य, प्रत्यंचा, बाण यांच्याबरोबर भात्यासाठीही एक स्वतंत्र ऋचा आहे, आणि त्या ऋचेत भाता पाठीवर बांधलेला असल्याचा व युद्धात उतरताना तो आवाज करत असल्याचा स्पष्ट उल्लेख येतो. तेथे हा आवाज दोष म्हणून आलेला नाही, उलट शत्रुसेना जिंकणाऱ्या भात्याच्या गौरवातच तो येतो, कारण रणांगणात लपून राहण्याचा प्रश्न नव्हता. सांची येथील स्तूपाच्या तोरणांवर, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराच्या शिल्पांत, छातीवरून पट्टे घेऊन पाठीवर भाता बांधलेले धनुर्धर दिसतात. घरोघरीच्या राम-लक्ष्मणांच्या तसबिरींतही भाता खांद्यामागूनच डोकावतो. पुढे घोडेस्वारीचे युद्ध वाढले, तेव्हा मुघल, राजपूत आणि शीख स्वारांनी भाता कमरेला घेतला. भरधाव घोड्यावर पाठीमागचे बाण उसळून बाहेर पडण्याचा धोका असतो आणि कमरेवरचा बाण हाताला लवकर सापडतो, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते.

नांदेड परिसरातील वाचकाला धनुष्यबाण ही केवळ पुराणातील वस्तू वाटत नाही. शिखांचे गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेड येथे ज्योतीज्योत समावले, म्हणजे त्यांचे देहावसान झाले. त्या स्थानी उभ्या असलेल्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे त्यांची शस्त्रे जतन केलेली असून त्यांत दोन धनुष्ये आणि ३५ बाण असल्याचे तख्ताच्या वर्णनांत नमूद आहे. सायंकाळच्या आरतीनंतर तेथे शस्त्रांचे दर्शन घडवले जाते. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माहूर येथे रेणुकामातेबरोबर परशुरामाचेही स्थान आहे, आणि भीष्म, द्रोण व कर्ण या तिघांचा धनुर्विद्येतील गुरू म्हणून महाभारतात परशुरामाचेच नाव येते. नांदेडजवळच्या मुदखेड जंक्शनवरून एक रेल्वेमार्ग भोकर, हिमायतनगर, किनवट असा रानाच्या मुलखातून आदिलाबादकडे जातो. मुदखेड हे दोन जगांच्या मध्ये वसलेले गाव आहे: एका बाजूला शस्त्रपूजेची जिवंत परंपरा असलेले नांदेड शहर, दुसऱ्या बाजूला गोंड, कोलाम, प्रधान, आंध या आदिवासी समाजांचा किनवट-माहूरचा डोंगराळ प्रदेश. मात्र चामडी भाता मऊ कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर या प्रदेशात शस्त्रांच्या परंपरेपेक्षा शेतीच्या आणि कातडी कमावण्याच्या परंपरेत अधिक स्पष्टपणे सापडते, आणि ती परंपरा आज वेगाने विसरली जात आहे, म्हणून तिच्याकडे जरा सावकाश पाहणे आवश्यक आहे.

त्याआधी आवाज नेमका कोठून येतो हे समजून घ्यावे लागते. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला पाठीला एक लहान हिसका बसतो; त्या हिसक्याने बाण भात्यात वर-खाली आणि आडवे सरकतात. बाणांच्या काड्या एकमेकींवर आपटतात, काड्या भात्याच्या भिंतीवर आपटतात आणि बाणांची टोके तळावर आपटतात. या तिन्ही ठोक्यांचे स्वर निराळे असतात. पोकळ बांबूच्या बाणांचा ठोका भरीव लाकडी बाणांपेक्षा अधिक घुमतो, तर लोखंडी टोक कठीण तळावर आपटल्याचा टणत्कार सर्वांत दूरवर जातो. याखेरीज पिसांची सळसळ, पट्ट्याच्या चामड्याची करकर आणि बकलांचा किणकिणाट हे लहान आवाज असतात. परंतु आवाज किती मोठा व्हावा हे शेवटी भात्याची भिंत ठरवते. मराठवाड्यात हलगी वाजवणारे कलावंत वाजवण्यापूर्वी हलगी विस्तवावर शेकतात. उष्णतेने कातड्यातील ओल उडते, कातडे ताणले जाते आणि हलगी कडाडते. तेच कातडे पावसाळी हवेत ओलसर झाले, की तिचा आवाज बसतो. नव्या भात्याचे कोरडे, ताठ चामडे शेकलेल्या हलगीच्या बाजूला झुकलेले असते, आणि भाता शांत करणे म्हणजे त्याला जाणीवपूर्वक उलट दिशेने नेणे होय. मऊ, स्निग्ध चामड्यात आदळलेल्या ठोक्याची शक्ती तंतूंच्या आपसांतील घर्षणात जिरून जाते, हवेपर्यंत फारशी पोहोचत नाही.

पाठीवरचा भाता जाणूनबुजून मऊ ठेवण्याच्या रीतीला विसाव्या शतकात अमेरिकेतील हॉवर्ड हिल या तिरंदाजाने विशेष लोकप्रियता मिळवून दिली. १८९९ ते १९७५ हा त्याचा काळ. १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील गाजलेल्या रंगीत चित्रपटातील धनुर्विद्येची कामे त्याच्याकडे होती. त्याच्या धर्तीचा भाता रिकामा असताना पोत्यासारखा मिटतो आणि पाठीवर बांधला, की छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याच्या ताणाने मधोमध दबून बाणांची मोळी घट्ट धरतो. त्यामुळे तिरंदाज ओणवा झाला तरी बाण सांडत नाहीत. मात्र संपूर्ण भाता लुळा असून चालत नाही, कारण तोंड मिटले तर मागे न पाहता बाण काढता येत नाही आणि काढलेला बाण परत ठेवता येत नाही. हे तत्त्व मानवाला फार पूर्वी कळले होते. १९९१ साली आल्प्स पर्वतातील बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या पुरुषाजवळ हरणाच्या कातड्याचा भाता होता, त्यात चौदा बाण होते, आणि त्या मऊ पिशवीला उभा आधार म्हणून हेझल झाडाची एक काठी बाजूने बांधलेली होती. अंग मऊ, कणा ताठ आणि तोंड उघडे, ही चांगल्या भात्याची रचना तेथे आधीच पूर्ण झालेली दिसते.

नेमकी हीच रचना मराठवाड्याच्या शेतकऱ्याला एका वेगळ्या वस्तूत पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची होती. ती वस्तू म्हणजे मोट, विहिरीतून बैलांच्या साहाय्याने पाणी काढण्याची चामडी पिशवी. मोटेच्या वरच्या तोंडाला लोखंडी कडे असे, त्यामुळे ते सदैव उघडे राही. खालच्या बाजूला लांब, मऊ सोंड असे, ती मोट वर येताना दुमडून उभी राही आणि थारोळ्यावर आली, की सरळ होऊन पाणी ओती. मोटेला ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा आणि सोंडेला बांधलेला हलका दोर म्हणजे सोंदूर. ही सोंड ताठ राहिली तर पाणी सांडे, फार ढिली झाली तर लवकर फाटे, आणि दिवसातून शेकडो वेळा दुमडून-उलगडूनही ती टिकावी लागे. विजेचे पंप आल्यावर मोट विहिरीवरून उतरली. तिच्याबरोबर ते चामडे कमावणे, शिवणे आणि वंगण देणे ही सारी विद्याही कामाविना राहिली. पाठीवरच्या भात्याला लागणारे चामडे जवळजवळ त्याच गुणांचे असते, हे लक्षात घेतले, तर मुदखेडच्या किंवा लातूरच्या कारागिराला हे काम परके वाटण्याचे कारण उरत नाही.

कातडे कमावणे म्हणजे कच्च्या, सडणाऱ्या कातड्याचे टिकाऊ चामड्यात रूपांतर करणे. चुन्याच्या निवळीत भिजवून केस सैल करायचे, रापीने ते व मांसाकडचा थर खरवडून काढायचा आणि मग झाडांच्या सालींच्या तुरट काढ्यात कातडे अनेक आठवडे मुरवायचे, ही दख्खनची जुनी पद्धत होय. बाभळीची साल, हिरडा आणि माळरानावर, रस्त्याच्या कडेला पिवळ्या फुलांनी उठून दिसणारा तरवड ही यासाठीची मुख्य द्रव्ये. जाड कातड्याची पिशवी शिवून, तीत सालींचा काढा भरून ती टांगून ठेवण्याची रीतही होती, म्हणजे काढा कातड्यातून हळूहळू पाझरत तंतूंमध्ये शिरे. हे कमावण्याचे काम मुख्यतः ढोर समाजातील कारागीर करत आणि वस्तू शिवण्याचे काम चांभार कारागीर करत. दोन्ही कामांत असलेल्या कौशल्याला समाजाने दिलेली वागणूक अन्यायाची होती, आणि आज त्या कौशल्याची नोंदच न उरणे हा त्या अन्यायाचाच पुढचा भाग ठरेल. सालींनी कमावलेले चामडे घट्ट, आकार धरणारे आणि सुरुवातीला ताठ असते. याउलट कारखान्यात क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे आरंभापासून मऊ असते, पण त्याचा भाता अंग टाकतो आणि तोंड उघडे राहत नाही. म्हणून भात्यासाठी सालींनी कमावलेले, साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीचे चामडे घेऊन ते हवे तेथेच मऊ करणे अधिक श्रेयस्कर आहे.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-वासरांबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी असल्याने स्थानिक कारागिराच्या हाती प्रामुख्याने म्हशी-रेड्याचे आणि शेळीचे चामडे येते. म्हशीचे चामडे जाड व भरड पोताचे असते, ते मुरायला आणि मऊ व्हायला जास्त वेळ घेते, पण एकदा मऊ झाले की दीर्घकाळ टिकते. पाठीच्या भागाचे चामडे सर्वांत घट्ट, मान-खांद्याचे मध्यम आणि पोटाकडचे सैल व ताणणारे असते. भात्याच्या अंगासाठी खांद्याचा भाग आणि तळाच्या चकतीसाठी पाठीचा भाग निवडला, तर पुढचे निम्मे श्रम वाचतात.

चामडे ताठ का होते, याचे उत्तर त्याच्या तंतूंत आहे. जिवंत त्वचेत तंतूंच्या जाळ्यामध्ये पाणी असते, ते वंगणाचे काम करते. कमावलेले चामडे वाळताना हे पाणी उडते आणि तंतू एकमेकांना चिकटतात. तेल किंवा चरबी तंतूंवर पातळ लेप देऊन त्यांना परस्परांवरून सरकू देते, आणि हे सरकणेच बोटांना मऊपणा म्हणून जाणवते. मात्र तेल लावले म्हणून ते सर्वत्र पोहोचत नाही, तर चामडे वारंवार दुमडून, पिळून तंतू मोकळे करावे लागतात तेव्हा ते आत शिरते. केवळ तेलात बुडवलेला भाता जड होतो, मऊ होतोच असे नाही.

कोणते तेल वापरावे याबाबत मराठवाड्यात एक मोह सहज होतो, तो करडईच्या तेलाचा. करडई हे या भागातील जुन्या रब्बी पिकांपैकी एक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाणही विकसित केले आहेत. पूर्वी मोटेला आणि नाड्याला जे वंगण दिले जाई, त्यात करडईच्या बियांपासून मिळवलेले काळे, चिकट तेल असे. हे खाण्याचे घाण्यावरचे तेल नव्हे. बी मडक्यात घालून बाहेरून आच देत खाली ठिबकवलेले ते तेल असे, आणि पाण्यात सतत भिजणाऱ्या चामड्याला व दोरांना ते उत्तम संरक्षण देई. भात्याला मात्र ते चालत नाही, कारण त्याचा चिकटा पिसांना लागतो आणि काळा रंग कपड्यांना. घाण्याचे साधे करडई तेल आणि जवसाचे तेल यांचा दोष वेगळा आहे: ही तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मऊ वाटलेले चामडे काही महिन्यांनी पूर्वीपेक्षा ताठ आणि चिकट होते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणून नांदेडच्या थंडीत त्याचा पांढरा थर चामड्यावर दिसू लागतो. शेंगदाण्याचे तेल खवट होते. इंजिनाचे वापरलेले तेल किंवा डिझेल लावण्याची सवय काही ठिकाणी दिसते, ती पूर्णपणे चुकीची आहे. त्याने शिलाईचा दोरा कमकुवत होतो, वास जात नाही आणि चामडे काळे पडते.

भात्यासाठी उरतात ती न वाळणारी तेले: करंजाचे आणि एरंडाचे. करंज तेल कडू असल्याने त्याला किडे सहसा तोंड लावत नाहीत, आणि ते चामड्याच्या धंद्यात पूर्वापार वापरात आहे. एरंडेल दाट असते, हळू मुरते, पण मुरले की लवकर बाहेर येत नाही. पाश्चात्य देशांत गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल यासाठी प्रमाण मानले जाते; चामडी सामानाच्या मोठ्या दुकानांत ते मिळाले तर अवश्य वापरावे, न मिळाले तर त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

काम करण्याची योग्य वेळ भाता शिवण्यापूर्वीची आहे, आणि ज्यांना नवा भाता करवून घ्यायचा आहे त्यांनी कारागिराला हे आधीच सांगावे. कापलेले चामडे ओल्या फडक्याने पुसून ओलसर करावे, सावलीत निम्मे वाळू द्यावे, कोमट केलेले तेल मांसाकडच्या, म्हणजे खरबरीत बाजूने पातळ हाताने लावावे आणि रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी चामड्याची गुंडाळी करावी, उलगडावी, उलट बाजूने पुन्हा गुंडाळावी. नंतर एखाद्या गुळगुळीत, गोल कडेच्या लाकडी खांबावरून ते दोन्ही हातांनी ओढत पुढे-मागे घासावे. तंतू सुटताना बारीक करकर ऐकू येते, ती थांबेपर्यंत हे करावे. मग पुन्हा एक पातळ हात. दोन-तीन हातांत चामड्याचा रंग एकसारखा गडद होतो आणि बोट फिरवले असता तेल लागत नाही, तेथे थांबावे. तोंडाकडचा चार बोटांचा पट्टा या सर्व प्रक्रियेतून वगळावा, म्हणजे तो आपोआप ताठ राहतो, आणि तोंडाच्या कडेला आणखी एक चामड्याची पट्टी दुहेरी शिवली, तर मोटेच्या कड्याचे काम ती करते. पाठीला टेकणाऱ्या बाजूस बांबूची एक पातळ कामटी शिवून घेतली, की कणाही तयार झाला.

शिवलेला, तयार भाता मऊ करायचा असेल तर काळजी वेगळी घ्यावी लागते, कारण आतून तेल लावले तर ते पिसांना लागते आणि तेलकट पीस वाऱ्यात फुलत नाही, बाणाची दिशा बिघडते. अशा वेळी तेल फक्त बाहेरून, अंगाच्या मधल्या भागालाच लावावे, आत सुती फडकी कोंबून ठेवावीत, ती दररोज बदलावीत, आणि फडक्यावर तेलाचा डाग येणे थांबल्याशिवाय भात्यात बाण घालू नयेत. भाता रोज हातांत घेऊन मधोमध पिळणे, दाबणे, दुमडणे हे काम येथे अधिक चिकाटीने करावे लागते. शेवटी बाहेरून मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. मेण ६२ ते ६४ अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणून ते गरम पाण्यात भांडे ठेवून वितळवावे, थेट विस्तवावर नव्हे.

उष्णतेविषयी विशेष सावधगिरी हवी. सालींनी कमावलेले ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंशांच्या पाण्यात आकसते आणि वाळल्यावर लाकडासारखे कठीण होते; मध्ययुगीन युरोपात चिलखतासाठी चामडे मुद्दाम असे उष्णतेने कठीण केले जाई. तेल लवकर मुरावे म्हणून भाता चुलीजवळ ठेवणे किंवा उकळते पाणी ओतणे म्हणजे मऊ करायला निघून तेच कठीणपण ओढवून घेणे होय. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छतावर किंवा बंद वाहनात त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत भाता उन्हात वाळत घालणेही टाळावे.

चामडे मऊ झाल्यावर उरतो तो तळाचा टणत्कार, आणि त्याला तेलाचा उपयोग नाही. तळाच्या चकतीवर जाड लोकरी थर लागतो. धनगरांनी दख्खनी मेंढीच्या भरड लोकरीची विणलेली घोंगडी यासाठी अतिशय योग्य आहे. तिचे तीन-चार थर गोल कापून, एकत्र टाचून तळाशी बसवले, की टोके तेथे रुततात आणि आपटत नाहीत. पात्याच्या टोकांचे बाण असतील, तर घोंगडी कापली जाते, म्हणून काही तिरंदाज तळाशी तांदूळ किंवा तत्सम धान्याचा बोटभर थर घालतात. टोके त्यात उभी राहतात, एकमेकांना लागत नाहीत आणि धान्य ओलही शोषून घेते. तोंडाच्या आतून केसाळ मेंढीच्या कातड्याचा वीतभर रुंद पट्टा शिवला, तर काड्यांचा वरचा भागही शांत होतो. १९११ साली कॅलिफोर्नियात प्रकट झालेल्या आणि आपल्या जमातीचा अखेरचा माणूस म्हणून ओळखल्या गेलेल्या इशी या आदिवासी तिरंदाजाचा भाता पाणमांजराच्या केसाळ कातड्याचा होता, ही गोष्ट येथे आठवावी. अस्तर मात्र संपूर्ण भात्याला लावू नये. जाड अस्तराने मऊ केलेली भिंत पुन्हा ताठ होते आणि केलेली मेहनत वाया जाते.

मापाचा प्रश्न येथेच येतो, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीच्या बाणांसाठी साधारण ५५ सेंटिमीटर खोलीचा भाता पुरतो. त्याचे तोंड पिसे मोकळी राहतील इतके रुंद आणि तळ त्याहून अरुंद असावा. बारा बाणांच्या भात्यात चारच बाण असले, तर तो कितीही मऊ असला तरी वाजतो, कारण मोळी भरलेली नसते. अशा वेळी मध्यावर बाहेरून चामड्याची एक वादी गुंडाळून सरकगाठीने आवळावी, बाण कमी होत जातील तशी ती घट्ट करावी. पट्टा रुंद असावा, रिबिटांपेक्षा शिवलेले सांधे बरे, आणि बकलाखाली मऊ चामड्याची जीभ ठेवावी. भात्याच्या खालच्या टोकाला एक लहान नाडी लावून ती कमरपट्ट्याला अडकवली, तर धावताना भाता झुलत नाही. पट्टा करकरत असेल तर सांध्यांना थोडे मेण पुरते.

पावसाळ्यात लोकर आणि चामडे दोन्ही ओल धरतात. लोखंडी टोकांना गंज चढतो, चामड्यावर बुरशी येते. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात बाण भात्यात न ठेवता वेगळे टांगावेत, भाता तोंड उघडे ठेवून वाऱ्यावर लटकवावा, तळाची घोंगडी काढून स्वतंत्र वाळवावी. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसावी आणि त्या जागी लगेच तेल लावू नये, कारण ओल आत कोंडली जाते. लोकरीत कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा सुकवलेला पाला ठेवण्याची घरोघरीची रीत येथेही उपयोगी पडते. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की, तेलाचा एक पातळ हात पुरेसा होतो.

एवढे सर्व करूनही पाठीवरचा भाता संपूर्ण निःशब्द होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बाण उपसताना पिसे घासतात, हात डोक्यामागे जातो आणि हालचाल दुरून दिसते. ज्यांना पूर्ण शांतता आणि नेमके, मोजके हालणे हवे असते ते कमरेचा भाता घेतात. २०२३ साली बर्लिन येथे जगज्जेते ठरलेले नागपूरचे ओजस देवतळे आणि साताऱ्याच्या अदिती स्वामी हे महाराष्ट्राचे तिरंदाज ज्या आधुनिक स्पर्धात्मक प्रकारात खेळतात, तेथे कमरेचाच भाता वापरतात. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी असल्याने शांत भात्याचा शिकारीशी जोडलेला जुना उपयोगही उरलेला नाही आणि उरू नये. तरीही रानवाटांवर चालत ठिकठिकाणी ठेवलेल्या लक्ष्यांवर नेम धरण्याचा सराव, ऐतिहासिक नाट्ये व चित्रपट आणि शस्त्रपरंपरेची प्रात्यक्षिके यांत पाठीवरचा भाता वापरला जातो. खडखडणारे बाण नुसते कानांना त्रास देत नाहीत. त्यांच्या काड्यांना बारीक भेगा पडतात, टोके बोथट होतात, पिसे झडतात. शांत भाता म्हणजे अधिक टिकणारे बाण, हा त्याचा व्यवहारी अर्थ आहे.

अशा भात्यांची मागणी मोठी नाही, आणि ती मोठी होईल असा दावा करणे धाडसाचे ठरेल. पण कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा एका पायताणामागची कमावण्याची, कापण्याची आणि वेणी घालण्याची विद्या कागदावर आली. मोटेमागच्या विद्येला तसे काही लाभले नाही. नांदेड, लातूर, परभणी या जिल्ह्यांत मोटेची सोंड शिवलेले, तिला वंगण दिलेले वृद्ध कारागीर आणि मोट हाकलेले शेतकरी अजून काही घरांत आहेत. ज्या तिरंदाजांना, शाळांना किंवा मंडळांना चामडी भाता हवा आहे, त्यांनी तो बाहेरून मागवण्याआधी आपल्या गावच्या कारागिराकडे बाणांची मोळी घेऊन जावे, त्याच्या हातून तो करवून घ्यावा, त्याच्या वेळेचे पुरेसे मोल द्यावे, आणि काम चालू असताना तो चामड्याला काय करतो ते लिहून ठेवावे.